वडामांची हवाई सुरक्षा

"वडामांची राखण मी करतो," असं मी म्हणालो आणि आमच्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी द्यायचा थांबला.

कमलिनीने (माझी बायको, चोवीस वर्षांचा अनुभव) कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि संशयास्पद नोट उजेडात धरून बघावी तसं माझ्याकडे पाहिलं.

"कोणाची वडामं?"

"राजसबाईंची, वरच्या. नातीचं, दिव्यश्रीचं, लग्न आहे, त्यांचे गुडघे धरलेत, दिवसभर गच्चीवर उन्हात कोण बसणार? म्हटलं आपण शेजारी..."

"तुम्ही बसणार?"

"मी."

"मागच्या दिवाळीत चकल्यांवर नुसतं लक्ष ठेवा म्हटलं होतं."

"ठेवलं होतं की!"

"हो, कोळसा होईपर्यंत ठेवलं होतंत. गच्चीवर काय आहे?"

हा शेवटचा प्रश्न तिने इतक्या गरीब आवाजात टाकला की मी खरं उत्तर देऊनच टाकणार होतो. वेळीच जीभ आवरली आणि "ऊन," असं म्हणून पेपर उघडला. (तो कालचा होता. तिने तेही पाहिलं.)

आता तुमच्यापासून काय लपवायचं? गच्चीवर आकाश होतं.

माझं लहानपण ओझरजवळ गेलं. तिथे विमानांचा कारखाना. बाकीच्या मुलांना अंगाईगीत ऐकून झोप यायची, मला मिगचं इंजिन ऐकून. पुढे मी वैमानिक होणार हे गावात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, फक्त डोळ्यांच्या डॉक्टरांना कोणी कळवलं नव्हतं. मग शिक्षण, नोकरी, बदली असं करत करत मी चेन्नईला अंबत्तूरच्या एका गॅस्केट बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात येऊन पडलो. दिवसा रबराचे भाव विचारतो. उरलेल्या वेळात देशाची हवाई सुरक्षा सांभाळतो.

हे दुसरं काम 'लॉक-ऑन चेन्नई' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चालतं. सभासद अकरा, त्यातले आठ आम्हाला म्यूट करून सुखात आहेत. उरलो तिघं. देवेश हा पुण्याचा, आयटीतला. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर एक्सेल शीटमध्ये देतो. श्रीवत्स हा इथलाच, तंजावरी मराठी घरातला, बँकेत. त्याला मराठीत सुरू केलेलं वाक्य तमिळमध्ये संपवायची सवय. आणि तिसरा मी, ग्रुपचा अॅडमिन. आमचा नियम एकच आणि फार कडक: पुराव्याशिवाय दावा नाही. शत्रूचं विमान पाडलं म्हणता? मग गन कॅमेऱ्याची फिल्म दाखवा. लढाऊ विमानाची तोफ सुटली की तिच्याबरोबर कॅमेराही चालतो आणि तो जे दाखवेल तेच खरं. वैमानिकाच्या तोंडी गप्पांना किंमत शून्य. हा नियम मी स्वतः केला. हे लक्षात ठेवा, पुढे मला फार लागणार आहे.

तर त्या मार्चमध्ये हवाई दलाची कवायत मरिना किनाऱ्यावर होणार होती. रविवारी मुख्य कार्यक्रम, गुरुवार ते शनिवार तालीम. मरिनावर लाख माणूस, डोकं वर करायलाही जागा नाही. पण विमानं वळण घ्यायला शहरावर येतात आणि ते वळण बरोब्बर आमच्या नुंगंबाक्कमच्या चार मजली इमारतीवरून जातं. मी ग्रुपवर कळवून टाकलं होतं, "रविवारी माझ्या खासगी गच्चीवर या."

गच्ची माझी नव्हती. खासगी तर नव्हतीच. गच्चीची किल्ली राजसबाईंच्या कमरेला होती.

राजसबाई आणि तुळजाजी हे वरच्या मजल्यावरचं जोडपं. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले. आम्ही अकरा वर्षांपूर्वी चेन्नईला आलो. त्यामुळे ते आम्हाला अजून "नवीन आलेले" म्हणतात आणि आमची मराठी त्यांना जरा उर्मट वाटते. मागे कोणीतरी गच्चीवर पार्टी केली, तेव्हापासून सोसायटीने किल्ली बाईंच्या स्वाधीन केली होती. ती किल्ली वडामांसाठी सुटते, नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या पेट्या काढायला सुटते आणि एरवी केंद्र सरकार आलं तरी सुटत नाही.

म्हणून मी वडामं पकडली.

वडाम म्हणजे आपल्या कुरडईचा मद्रासी मावसभाऊ. तांदळाचं पीठ मीठ, हिरवी मिरची, हिंग घालून शिजवायचं, शेवटी लिंबू पिळायचं आणि धुतलेल्या वेष्टीवर, म्हणजे इकडच्या पांढऱ्या धोतरावर, चमच्याने एकेक टिकली घालत जायची, दोन रुपयांच्या नाण्याएवढी. दोन दिवस कडक उन्हात वाळली की वर्षभर तळा.

गुरुवारी सकाळी बाईंनी मला गच्चीवर उभं केलं. तुळजाजींची जुनी वेष्टी चार विटांखाली ताणलेली, तिच्यावर पांढऱ्या टिकल्यांची फौज.

"हें बघा मंदारराव. वीस ओळी. एकेका ओळींत बारा. दोनशें चाळीस. संध्याकाळीं मी मोजून घेईन. सरि?"

"सरि," मी म्हणालो. मी तमिळमध्ये एवढंच आत्मविश्वासाने बोलतो.

"कावळ्यास एक सुद्धां जातां कामा नये. दिव्यश्रीच्या सासरचीं माणसें कोइंबतूरचीं. मोजून खातात, मोजून नांवें ठेवतात. तूट आली तर किल्ली मागें घेईन. रविवारीं मीच बसेन."

म्हणजे बघा. दोनशे चाळीस वडामं वाचली तर रविवार माझा. नाही वाचली तर रविवारी मी, देवेश आणि श्रीवत्स जिन्यात बसून विमानांचा आवाज ऐकणार आणि "खासगी गच्ची" हा माझा दावा पुराव्याअभावी फेटाळला जाणार.

मी ऑफिसातून रजा काढली (कारण: 'कौटुंबिक सुरक्षा'), वेष्टीच्या डोक्याशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, उजव्या हातात दुर्बीण घेतली आणि डावा हात मोकळा ठेवला, कावळे हाकलायला.

अकराला तुळजाजी ताकाचा पेला घेऊन वर आले. वय शहात्तर, अंगात बनियन, कपाळाला विभूती. रेल्वेत छत्तीस वर्षं गार्ड होते. विमानांचा नाद त्यांनाही आहे, पण ते जुन्या पंथाचे: तोफेने, समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून. मी क्षेपणास्त्रवाला.

"तुळजाजी, हल्ली शत्रू दिसायच्या आधीच पाडतात. शंभर किलोमीटरवरून. रडारवर ठिपका आला की लॉक, की सोडलं."

"दिसलाच नाहीं तर तो शत्रू हें कसें कळलें?"

"रडार सांगतं."

"रडारास कोण सांगतें?"

"अहो, तंत्रज्ञान आहे ते!"

"तुमचें क्षेपणास्त्र म्हणजे शिफारसपत्र हो, मंदारराव. एकदां हातांतून सुटलें कीं देवाचे भरवसां. तोफ म्हणजे कसें, समोर बघायचें, खात्री करायची, मग..."

त्यांचं "मग" आकाशात विरलं. कारण तेवढ्यात पूर्वेकडून तो आवाज आला. प्रथम खिडक्यांच्या काचा, मग छातीच्या फासळ्या, मग दाढा. सुखोई! पंख उभे करून, पोट दाखवत, आमच्या पाण्याच्या टाकीवरून वळला. मी दुर्बिणीत शिरलो तो दीड वाजताच बाहेर आलो. किती फेऱ्या झाल्या, तुळजाजी कधी गेले, कमलिनी जेवणाचा डबा कधी ठेवून गेली, काही पत्ता नाही.

डबा मी तसाच परत नेला.

"जेवला नाहीत?" कमलिनी म्हणाली.

"भूकच नाही. जबाबदारी आली की माझं असं होतं."

"चोवीस वर्षांत तुमची भूक गेलेली मी पाहिलेली नाही. माझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा तुम्ही दोनदा पिठलं घेतलंत."

"ऊन फार आहे," असं म्हणून मी लागोपाठ चार ग्लास पाणी प्यायलो. दुर्बिणीचं फोकसचं चाक चिकट झालं होतं, तेही पुसलं. (ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंना दर्जाच राहिलेला नाही.)

चार वाजता राजसबाई वर आल्या. बोटाने हवेत ओळी ओढत मोजलं. परत मोजलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"एकशें एक्क्याण्णव."

"शक्य नाही!"

"एकूणपन्नास गेलीं. तुम्हीं इथेंच होतांत ना?"

"हललो नाही हो जागचा! एक कावळा आला नाही!"

"मग गेलीं कुठें?"

या प्रश्नावर त्या संध्याकाळी लॉक-ऑन चेन्नईने तातडीची बैठक घेतली. देवेशने शीट बनवली.

"दादा, घरगुती कावळा तीनशे ग्रॅमचा. ओलं वडाम दहा ग्रॅम. एका फेरीत चोचीत एकच. म्हणजे एकोणपन्नास फेऱ्या. सहा तासांत दर सात मिनिटांनी एक हल्ला. आणि तुम्ही एकही पाहिला नाही?"

"एकही नाही," मी लिहिलं.

"मग हवाई हल्ला नाही. कुठलंच हवाई दल एवढ्या फेऱ्या कोणाला न दिसता करू शकत नाही."

श्रीवत्सने लिहिलं, "सार, तुमची सगळी सिस्टीम वर बघते. थ्रेट खालून आला तर?"

मी फोनकडे बघत राहिलो. खालून, म्हणजे जमिनीवरून! जिन्याने वर येणारा, वडामांची चव जाणणारा, वडामं खायची बंदी असलेला कोणीतरी!

तुळजाजींना ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. घरात दोनशे चाळीस खारट वडामं आणि पानात अळणी भात. म्हणजे हेतू होता, संधी होती आणि ताकाचा पेला हे तर निव्वळ निमित्त. मला विमानांच्या वादात गुंतवायचं, मी वर बघितलं की खाली हात मारायचा. कशी नामी चाल! मला तर त्या माणसाबद्दल आदरच वाटू लागला.

शुक्रवारी बाईंनी कालची वडामं आपल्या बाल्कनीत वाळायला हलवली आणि वेष्टीवर नवी दोनशे चाळीस घातली. मी तीन पदरी सुरक्षा उभारली. लांबच्या माऱ्यासाठी काळी छत्री, उघडून काठीला बांधलेली. मधल्या पल्ल्यासाठी दोरीला लटकवलेल्या जुन्या सीड्या. अगदी जवळच्या लढाईसाठी मी स्वतः. आणि जमिनीवरच्या घुसखोरासाठी खास सापळा: कमलिनीच्या डब्यातलं रांगोळीचं पीठ मी वेष्टीच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीत भुरभुरवलं. वेष्टीपाशी जो येईल त्याच्या पावलांचे ठसे उठणारच.

"माझी रांगोळी कुठाय?" खालून हाक आली.

"संरक्षणखात्याने घेतली!"

थोड्या वेळाने दाराच्या फटीतून एक चष्मा चमकून गेला. कमलिनीने तोपर्यंत माझा फोन, पाकीट आणि शर्टाचे खिसे तपासले होते हे मला नंतर कळलं. घरकामाला आपण होऊन तयार झालेला नवरा ही तिच्या मते पोलिसात कळवण्यासारखी गोष्ट होती.

अकराला तुळजाजी ताक घेऊन आले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेकडे पाहिलं.

"काय झालें?"

"काही नाही. पाय बरे आहेत ना?"

"पाय बरे आहेत. तुम्हीं बरे आहांत ना?"

ते पेला कठड्यावर ठेवून, माझ्याकडे मागे वळून वळून बघत उतरले. मग तेजस आली. लहानखुरी, चपळ, जागच्या जागी गिरकी घेणारी. मग राफेल. मग नऊ विमानांची ती लालपांढरी तुकडी, एकमेकांच्या पंखाला पंख लावून. मी जिवंतपणी स्वर्गात होतो.

चार वाजता वडामं भरली एकशे अठ्ठ्याहत्तर. बासष्ट गेली होती.

मी गुडघ्यांवर बसून पीठ तपासलं. ठसे होते! सगळे एकाच चपलेचे. अंगठ्याजवळ झिजलेल्या, नऊ नंबरच्या. म्हणजे माझ्याच. आता मी राखणदार, माझे ठसे असणारच. ते वजा केले. उरले शून्य. देवेशला फोटो पाठवला.

"दादा, एकच निष्कर्ष निघतो," त्याने लिहिलं. "शत्रूची खूणच उमटत नाही. स्टेल्थ."

"स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे," श्रीवत्सने दुरुस्ती केली. "रडारला तो तुमचाच एखादा बारीक पक्षी वाटतो. समोर असून कळत नाही, एवढंच, अव्वळवुदान."

(या दोन वाक्यांत सगळं होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मी त्यावर अंगठा दाखवून पुढे गेलो.)

मला फक्त एवढंच कळलं की तुळजाजी चप्पल काढून कठड्यावरून आले असणार. शहात्तर वर्षांचा माणूस कठड्यावरून कसा येईल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि "रेल्वेत गार्ड होते, धावत्या डब्यांवरून चालायची सवय असणार" असं उत्तरही दिलं.

राजसबाईंनी कमरेची किल्ली चाचपली. "पोदुम, मंदारराव. पुरे. उद्यांपासून मी..."

रविवार माझ्या डोळ्यांसमोरून आफ्टरबर्नर लावून निघाला. माणूस अशा वेळी काय करतो? चुगली करतो.

"बाई," मी आवाज खाली आणला, "तुमच्या घरात मीठ कोणाला बंद आहे?"

बाईंचा हात किल्लीवर थांबला. त्या तडक खाली गेल्या. पाच मिनिटांनी त्यांच्या घरातून डबे उघडल्याचे आवाज आले, मग एक कपाट, मग एक ट्रंक आणि मग "अय्यय्यो!"

रेल्वेच्या जुन्या टिफिनमध्ये, टाइमटेबलच्या खाली, खाऱ्या मिक्स्चरची (म्हणजे इकडच्या चिवड्याची) पाव किलोची पिशवी सापडली होती. अर्धी संपलेली.

वडामं सापडली नव्हती, पण ज्याच्या घरात मिक्स्चर सापडतं त्याला वडामांचा गुन्हा नाकारता येत नाही. तुळजाजींनी दारात येऊन माझ्याकडे पाहिलं. चुगली करणाऱ्याकडे बघतात तसं.

"मिक्स्चर माझें. कबूल. वडाम मी खाल्लें नाहीं, मंदारराव. छत्तीस वर्षें गार्ड होतों मी. गार्ड गाडीच्या मागें बसून सगळी गाडी बघतो. तुम्हीं सगळें सोडून वर बघतां."

"पुरावा काय?" मी म्हणालो. नियम तो नियम.

"हां," म्हातारा म्हणाला, "पुरावाच आणा. मज देखील हवा."

मग काय, शनिवारी गन कॅमेरा आला. देवेशने सायकलच्या हेल्मेटला लावायचा आपला छोटा कॅमेरा आणला आणि पाण्याच्या टाकीवर चिकटपट्टीने असा बसवला की वेष्टी, खुर्ची आणि जिन्याचं दार एका चौकटीत यावं. मी बाईंना सांगून टाकलं, "संध्याकाळी पाच वाजता तुमच्या हॉलमध्ये, टीव्हीवर. सगळ्यांनी यायचं. गुन्हेगार नावानिशी दाखवतो. दाखवला तर उद्याची किल्ली माझी."

"दाखवला नाहीं तर?"

"तर तुम्ही द्याल ती शिक्षा."

(मला असं मोठं बोलायची सवय आहे. अंबत्तूरलाही मी एकदा अशाच आवेशात दोन टन रबर परत पाठवलं होतं. ते दुसऱ्या कंपनीचं होतं.)

शनिवारी रंगीत तालीम झाली. तिच्याबद्दल काय सांगू? सांगायला मी शुद्धीवर नव्हतो. चारला मोजदाद: एकशे त्र्याऐंशी. सत्तावन्न गेली. मला तर आनंदच झाला. शत्रू सापळ्यात आला होता.

पाच वाजता राजसबाईंच्या हॉलमध्ये दरबार भरला. समोर टीव्ही. सोफ्यावर राजसबाई. कोपऱ्यात आरोपी तुळजाजी, समोर अळणी उपमा. कमलिनी दाराशी, हाताची घडी घालून. श्रीवत्स बँकेतून थेट आलेला. देवेशने वायर जोडली. मी हातात झाडूची काडी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिलो, हवाई दलाचा प्रवक्ता उभा राहतो तसा.

"ही वेळ दहा वाजून चाळीस. हा मी. सावध. आता अकराला लक्ष द्या, जिन्याच्या दाराकडे."

अकरा वाजता दार उघडलं. तुळजाजी आले. पेला ठेवला. मी काडी उचलली. "आता!"

पडद्यावरच्या तुळजाजींनी वाकून वाऱ्याने उलटलेला वेष्टीचा कोपरा नीट केला, त्यावर वीट ठेवली, माझ्या पाठीमागे येऊन बसलेल्या एका कावळ्याला खांद्यावरच्या पंच्याने हाकललं आणि ते निघून गेले. त्यांनी वडामांना बोटसुद्धा लावलं नाही.

"हं," राजसबाई म्हणाल्या.

"थांबा. अजून शत्रू यायचाय," मी म्हणालो.

तेवढ्यात टीव्हीतून सुखोईचा आवाज आला. पडद्यावर माझी मान वर गेली. दुर्बीण डोळ्यांना. तोंड उघडं. आणि मग, वाचकहो, खुर्चीच्या डाव्या बाजूने एक हात खाली उतरला. सावकाश. कोणाची घाई नाही, कोणाची भीती नाही. त्याने वेष्टीवरचं एक वडाम अलगद सोलून काढलं, वर नेलं आणि उघड्या तोंडात ठेवलं. तोंड मिटलं, चार वेळा हललं आणि पुन्हा उघडलं. हात परत उतरला.

देवेशने वायर नीट बसली आहे का ते पुन्हा तपासलं.

तुम्ही अर्धवट वाळलेलं वडाम खाल्लंय का? वरून पापुद्रा, आत मऊ लुसलुशीत, मिरचीचा झणका, हिंगाचा वास, मागून लिंबू. त्याच्यापुढे माणूस शुद्धीवर असूनही हरतो. मी तर शुद्धीवरही नव्हतो.

"एक," श्रीवत्स मोजू लागला. "रेंडु. तीन..."

"रीफ्युएलिंग," देवेश पुटपुटला. "हवेतल्या हवेत."

सुखोई गेला की हात थांबे. तेजस आली की हात सुटे. नऊ विमानांच्या तुकडीला तर त्या हाताने एकामागोमाग नऊ वडामांची सलामी दिली. मधल्या काळात तो हाकललेला कावळा परत येऊन कठड्यावर बसला आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिला, नवीन भरती झालेला कारकून हेडक्लार्ककडे बघतो तसा.

बारा वाजून दहा मिनिटांनी कमलिनी डबा घेऊन पडद्यावर आली. ती माझ्यासमोर उभी राहिली. हाताचा प्रवास खालून वर, वरून खाली, असा तीनदा पाहिला. मग डबा ठेवला, खाली वाकून स्वतः एक वडाम उचललं, चाखलं, मान डोलावली आणि निघून गेली.

मी दाराकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"आज दुपारपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन दिवस मला वाटत होतं तुमचं बाहेर काहीतरी चाललंय. एवढंच निघालं म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की बोलवेना. आणि एकच उचललं हो मी, राजसबाई. मीठ बेताचं आहे, छान झालंय."

"छप्पन," श्रीवत्सने मोजणी संपवली. "प्लस मॅडमचं एक. सत्तावन्न. टॅली, सार."

राजसबाई इतका वेळ डोळे विस्फारून बघत होत्या. मला वाटलं, आता आकड्यावर बोलतील. पण त्यांचं दुःख निराळंच होतं.

"डाव्या हातानें!" त्या कशाबशा म्हणाल्या. "लग्नाचीं वडामें, मंदारराव... डाव्या हातानें!"

"उजव्यात दुर्बीण होती," मी म्हणालो. (बचाव म्हणून हे वाक्य पुढे कोणी वापरू नये.)

तुळजाजी उठले. शांतपणे माझ्यापाशी आले, माझ्या हातातली झाडूची काडी काढून घेतली आणि टीव्हीवरच्या माझ्या नाकावर टेकवली. "बघा. तोफेचा पल्ला. समोर बघायचें, खात्री करायची."

मी त्यांची माफी मागितली. मनापासून, दोन्ही हात जोडून. त्यांनी ती मोठ्या मनाने स्वीकारली आणि अट घातली की मिक्स्चरचा विषय कायमचा बंद व्हावा. बाईंनी पिशवी परत दिली नाही, पण आठवड्याला एक चमचा मंजूर केला. देवेशने ग्रुपवर अधिकृत निकाल टाकला: "आपल्याच तोफेने आपलंच विमान. फ्रेंडली फायर, तीन दिवस, सलग." म्यूट करून बसलेल्या आठ सभासदांनी त्यावर पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. ते इथे देत नाही.

राहिली शिक्षा. राजसबाईंनी बोटांवर हिशेब केला. "एकूणपन्नास, बासष्ट, सत्तावन्न. एकशें अडुसष्ट. चवदा ओळी. उद्यां सकाळीं मज कडे या. हात धुवून. दोन्ही."

रविवारी सकाळी वेष्टीवर राजसबाईंची रोजची वडामं लागली, वर तुळजाजींची राखण. चवदा ओळींचं माझं पीठ त्यानंतर शिजायला बसलं, साडेदहाला. तुम्हाला ठाऊक असेलच, ते ढवळत राहावं लागतं. हात थांबला की गाठी. मी पातेल्यापुढे, पळी हातात, घाम कानांवरून वाहतोय, शेजारी राजसबाई स्टुलावर बसून माझ्या डाव्या हाताकडे बघतायत. तो त्यांनी पदराच्या टोकाने स्टुलालाच बांधायचं सुचवलं होतं. मी शब्दावर सुटलो.

वर गच्चीवर देवेश, श्रीवत्स, कमलिनी (तिलाही अचानक विमानं आवडू लागली) आणि तुळजाजी. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधली आकाशाची वीतभर पट्टी दिसत होती. मी गणित केलं: सुखोई त्या पट्टीतून जाणार एक सेकंद. तेवढाच माझा कार्यक्रम.

अकरा वाजले. भिंती थरथरल्या, डब्यांची झाकणं वाजली. आला! मी मान वर करणार, तेवढ्यात मनात आलं, मान वर गेली की डावा हात सुटतो. मी नजर घट्ट डाव्या हातावर रोखून धरली. तो बिचारा ओट्यावर गपचूप पडला होता. मी वर बघितलं तेव्हा पट्टीत एक घार होती.

"गांठ झाली," राजसबाई म्हणाल्या. "ढवळा."

दीडला कार्यक्रम संपला. फोन वाजला म्हणून बघितलं तर ग्रुपवर श्रीवत्सचा फोटो. गच्चीवर माझी प्लॅस्टिकची खुर्ची, वेष्टीच्या डोक्याशी, रिकामी. म्हणजे रिकामी नव्हती. तिच्या पाठीवर तो कालचा कावळा बसला होता, छाती काढून, नजर सरळ वडामांवर.

खाली ओळ होती: "न्यू गार्ड, सार. आजची मोजणी झाली. दोनशे चाळीस. तूट शून्य."